बाळंतिणीचे कान

बाळंतिणीच्या कानांतून वारा आत गेला की तो डोक्यात घर करतो, आणि एकदा घर केलं की कुठल्याही काढ्याने बाहेर निघत नाही, हे देवीरम्माला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. ते तिने पाहिलं होतं. म्हणून सहनाला इस्पितळातून हासनच्या घरी आणलं त्या दिवशी लेकीला ओवाळून आत घेतल्याबरोबर तिने तिच्या कानांत कापसाचे बोळे घातले आणि वरून लोकरीचा स्कार्फ हनुवटीखाली गच्च बांधला.

"अम्मा, मला नीट ऐकू येत नाहीये," सहना म्हणाली.

"ऐकायचंय काय तुला? तीन महिने ऐकायचं नाही, वाचायचं नाही, दारात उभं राहायचं नाही. खायचं, पाजायचं, झोपायचं. राणीसारखं."

"राणीला पाणी तरी देत असतील प्यायला."

"देते की. ओव्याचं, कोमट. दोन घोट."

सहना हसली होती तेव्हा. पुढे देवीरम्माला ते हसू फार आठवायचं, कारण त्यानंतर त्या घरात ती तशी हसल्याचं काही तिला आठवेना.

देवीरम्माने पाहिलं होतं ते केंपक्काचं. अरकलगूडच्या पलीकडच्या खेड्यात, देवीरम्मा परकर नेसून हिंडत होती त्या काळात, तिच्या थोरल्या काकांची ही लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. मुलगा झाला. गुळगुळीत, काळाभोर, गावभर साखर वाटली. आणि एका सकाळी केंपक्काने विहिरीपाशी स्कार्फ सोडून गार पाण्याने डोकं धुतलं. दुसऱ्या दिवसापासून ती मुलाला जवळ घेईना. "हे कुणाचं आहे ते त्यांना देऊन या," म्हणायची. बायका म्हणाल्या, वारं गेलं कानातून, बाणंती-सन्नी झाली. मांत्रिक झाला, डाग देऊन झाले. सासरच्यांनी पुढल्या सुगीपर्यंत वाट पाहिली, मग गाडी जुंपून आले, मुलगा घेऊन गेले आणि नवऱ्याचं दुसरं लग्न लावलं. केंपक्का गोठ्यामागच्या दगडी बाकावर बसून राहिली ती केस पांढरे होईपर्यंत. लग्न होईपर्यंत तिचं ताट न्यायचं काम देवीरम्माकडे असे. नाचणीच्या उकडीचे गोळे, मुद्दे, आणि सार पुढे ठेवलं की केंपक्का दर वेळी एकच विचारायची, "बाळंतिणीचं जेवण झालं का गं?"

तेव्हा स्कार्फच्या गाठीत देवीरम्मा ढिलाई करणार नव्हती.

घरात दोघीच होत्या. देवीरम्माचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, थोरला मुलगा दूर परमुलखात, आणि जावई मिथुन बंगळूरला नोकरीवर. सकाळी रंगम्मा येई. तिने सहनालाही तान्ही असताना न्हाऊ घातलं होतं. तांब्याच्या हंड्यात लिंबाचा पाला टाकून कढवलेलं पाणी, अंगाला एरंडेल, मग सांब्राणीच्या धुरावर केस. त्यानंतर मिऱ्याचं सार, भाजलेला लसूण, शेपूची भाजी, डिंकाचा लाडू. खोलीची खिडकी बंद, पडदा ओढलेला, उशीखाली अडकित्ता. पोरीचं नाव अजून ठेवायचं होतं, म्हणून तिला सगळे नुसतं पुट्टी म्हणत.

रविवारी मिथुन गाडी भरून लंगोट आणि डबे घेऊन यायचा. चांगला मुलगा. फक्त बोलायचा फार, आणि सगळं कुठून तरी ऐकून आल्यासारखं.

"अत्ते, दूध पाजल्यावर तिला असं उभं धरायचं, हनुवटी खांद्यावर, आणि खालून वर थोपटायचं. ढेकर निघतो."

"असं होय," देवीरम्मा म्हणाली. "मी आपली इतकी वर्षं पोरांना उलटं टांगत होते."

"नाही, म्हणजे मी पॉडकास्टमध्ये ऐकलं. नव्या बापांसाठी आहे एक. गाडी चालवताना लावतो."

"ते काय असतं?"

"रेडिओसारखं, अत्ते. फक्त हवं तेव्हा लावायचं. माणसं बोलतात आणि आपण ऐकायचं."

"आणि बाप व्हायला तेवढं पुरतं?"

मिथुन हसला. सहना हसली नाही, पण देवीरम्माला वाटलं, कापूस आहे कानात, ऐकू गेलं नसेल.

खरं तर तिला लेकीचं कौतुकच वाटत होतं. आजकालच्या मुली स्कार्फ दोन दिवसांत भिरकावून देतात, उकडतं म्हणतात. सहना कधी गाठीला हात लावायची नाही. पुट्टीला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसायची, तासन्‌तास, शांत.

रोज न्हाणं झाल्यावर बोळे सहना स्वतःच घालून घ्यायची; एक दिवस देवीरम्मा कापूस बदलायला बसली. स्कार्फ सोडला, तर डाव्या कानात बोळा नव्हताच. त्या जागी एक पांढरी कळी होती, आणि ती बारीक आवाजात बोलत होती.

"हे काय गं?"

"इअरफोन." सहनाने डोळे मिटूनच सांगितलं.

"कधीपासून?"

"आल्यापासून. तूच म्हणालीस वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. ऐकायला काय झालं? ऑफिसातल्या चंदनाने यादी पाठवली होती. पहिलं मूल झालेल्यांनी ऐकावेत असे. एक दुधाचा आहे, एक बाळाच्या झोपेचा. मिथुन ऐकतो तोही त्यातलाच." मग जरा थांबून ती म्हणाली, "ते सगळे ऐकून मला वाटतं मी नापास झाले, अम्मा. हा एकच ऐकला की वाटतं, वर्गात आणखी कुणीतरी नापास आहे."

"कसला हा?"

"'तोट्टिलु'. पाळणा. म्हैसूरची विभा म्हणून कुणी आहे, तिला जुळी झाली होती. ऐकतेस?"

आणि तिने ती कळी आईच्या कानात घातली. तिच्या बोटांचा तो स्पर्श देवीरम्माला नीट आठवतो. लहानपणी शाळेतली काही गंमत दाखवताना सहनाची बोटं अशीच घाईची असायची.

आवाज गोड होता. साधी कन्नड, म्हैसूरकडची. ती बाई म्हणत होती, "मला ती मुलं शेजाऱ्यांची वाटायची. वाटायचं, कुणीतरी येईल, आपापली घेऊन जाईल, आणि मग मी झोपेन. दूध पाजायचे, लंगोट बदलायचे, पण आत काही हलायचंच नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या घरात एवढी मोठी माणसं..."

देवीरम्माने कळी उपसून काढली. गोठ्यामागचा दगडी बाक तिच्या डोळ्यांसमोर आला. वारा कसा असतो, कुठल्या वाटेने शिरतो, हे तिला कधी कुणी दाखवू शकलं नव्हतं. आता तो हातात होता आणि बोलत होता.

"या बाईच्या घरी कुणी वडीलधारं नाही का, तिचं तोंड धरायला? बाळंतिणीच्या खोलीत असलं बोलतात?"

"अम्मा," सहना म्हणाली. "मलाही तसंच होतं."

"काय होतं?"

"पुट्टी माझी वाटत नाही. मी रोज वाट बघते आज वाटेल म्हणून. वाटत नाही."

पुट्टी दोघींच्या मध्ये दुपट्यावर झोपली होती. देवीरम्माने आधी तिच्या कानांवर हात ठेवले.

"थू, थू. तोंडातून असं काढू नये, मगळे. कुणीतरी नजर लावलीय तुला. आणि ही बया दिवसभर कानात विष ओतत बसते, मग दुसरं काय होणार?"

तिने मीठ-मिरच्या आणल्या, मायलेकींवरून ओवाळल्या आणि चुलीतल्या निखाऱ्यावर टाकल्या. ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे नजर होती, आणि आता उतरली. तिने सहनाला तसं सांगितलंही. सहना तिच्याकडे बघत राहिली, दुकान बंद करून गेलेल्या माणसाच्या फळीकडे गिऱ्हाईक बघतं तशी, आणि मग तिने मान वळवली.

रविवारी मिथुन आला तेव्हा देवीरम्माने फोन आणि त्या दोन कळ्या डबीसकट त्याच्यासमोर ठेवल्या.

"हे घेऊन जा. पाळणा होईपर्यंत हिला नको."

तो गोंधळला. "मग मी बोलू कसा तिच्याशी, अत्ते?"

"माझा फोन आहे की. त्याच्यावर बोला."

मिथुनने बायकोकडे पाहिलं. "अत्ते म्हणतात त्यातही तथ्य आहे, सहना. माझ्या त्या पॉडकास्टमध्येही सांगत होते, नव्या आईला फोनपासून जरा लांब ठेवा, झोप सुधारते. आणि घरातल्या मोठ्या बाईच्या अनुभवाचा मान राखा म्हणून एक अख्खा भागच आहे."

"तुझा पॉडकास्ट चांगलाच असणार," सहना म्हणाली. मग आईला म्हणाली, "अम्मा, बुधवारी नवीन येतो. तेवढा एक ऐकू दे, मग ने."

"पाळणा झाला की हवं ते ऐक. मी कानात बोळा घालणार नाही."

"बरं."

एवढंच. ती भांडली असती, रडली असती तर देवीरम्माचं मन कदाचित विरघळलं असतं. लहानपणापासून या पोरीचा हट्ट तिच्याच्याने मोडवत नसे. पण सहनाने "बरं" म्हटलं आणि कानात नवे बोळे घालून घ्यायला मान पुढे केली.

त्यानंतर घर निवलं. सहना सांगितलं तेव्हा उठे, सांगितलं तेव्हा पाजे, पुढे येईल ते खाई. लसणाला नाक मुरडेना, पाण्याची तक्रार करेना. रात्री पोर रडलं तर उठून बसे, आणि देवीरम्माने तिच्या मांडीवर दिलं की पाजे.

"आता कशी गाय झालीय बघ," देवीरम्मा रंगम्माला म्हणाली. "वारं निघालं."

"गायच, अव्वा," रंगम्मा म्हणाली. "पाणी केवढंही कढत ओता, हूं नाही की चूं नाही. परवा माझाच हात पोळला, मी ओरडले, पण ही आपली बसून. तान्हेपणी काय किंचाळायची, ऐन्‌ कथे, काय सांगू, तिसऱ्या घरी कळायचं सहनाला न्हायला घातलं म्हणून."

दोघी हसल्या. देवीरम्माने रंगम्माच्या पोळलेल्या हाताला खोबरेल लावलं. सहनाची पाठ तिने पाहिली नाही.

पाळण्याचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, केळीचे खुंट, चन्नरायपट्टणहून मिथुनचे आईवडील, त्यांच्याबरोबर गाडीभर बायका. पाळणा भाड्याने आणला होता, पण लाकडी, पोपटांचा. सहनाला हिरवी रेशमी साडी नेसवली. डोक्याला स्कार्फ तसाच होता, त्यावर मोगरा माळला. बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, जोगुळ, पाळण्याची गाणी, म्हणू लागल्या, आणि मिथुनची आई म्हणाली, "ये गं, सहना. आईने ठेवायचं बाळ पाळण्यात."

पुट्टीला तिच्या हातात दिलं. सहनाने तिच्याकडे पाहिलं, मग भोवतालच्या तोंडांकडे पाहिलं, आणि जवळच्या बाईच्या हातात, कुणाची कोण होती ती, बाळ देऊन टाकलं. "तुम्हीच ठेवा," ती म्हणाली. सभ्यपणे, रांगेत पुढच्याला वाट द्यावी तसं.

"लाजतेय," कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या, गाणं पुढे चालू झालं. देवीरम्मा होळिगेच्या, पुरणपोळ्यांच्या, परातीकडे वळली, कारण स्वयंपाक्याने हाक मारली होती. नाव ठेवलं गेलं, मुलीच्या कानात सांगितलं गेलं, आणि आईला कुंकू लावायला बघतात तर आई नव्हती. न्हाणीघरात नाही, खोलीत नाही. मागचं दार उघडं होतं आणि तिच्या चपला दाराशीच होत्या.

हलक्या आवाजातला तो शब्द देवीरम्माने ऐकला. "सन्नीच की. दुसरं काय." मिथुनच्या आईच्या अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं होतं.

मिथुनने गाडी काढली. देवीरम्मा शेजारी बसली, तळहातांना अजून तूप होतं. रस्त्याकडेचं तळं आलं तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे न बघता तिकडे पाहिलं. तिथे म्हशी होत्या, दुसरं कुणी नव्हतं.

ती बसस्टँडवर सापडली. बंगळूरच्या फलाटावरच्या बाकावर, हिरव्या रेशमात, अनवाणी, स्कार्फवर मोगरा. पान्हा फुटून पोलकं पुढून भिजलं होतं आणि दोन कॉलेजच्या मुली जरा सरकून बसल्या होत्या. कंडक्टर "बेंगळूरु, बेंगळूरु" ओरडत होता.

देवीरम्मा तिच्यासमोर उकिडवी बसली. "कुठे निघालीस, मगळे?"

सहनाने तिला ओळखलं. ते बरं होतं की वाईट, कळेना.

"बंगळूरची गाडी होती," ती म्हणाली. "दोन गेल्या. पण चढ म्हणून कुणी सांगितलं नाही."

मिथुन तिथेच, फलाटावर, माणसांसमोर रडला.

मिथुनच्याच गाडीने ते तसेच बंगळूरला गेले. मनाच्या आजारांचं मोठं इस्पितळ होतं, तिथे डॉक्टरीण वयाने सहनाएवढीच होती. तिने सहनाला आत नेलं, बराच वेळ ठेवलं, मग या दोघांना बोलावलं.

"कधीपासून असं आहे?"

"आज सकाळी, पाळण्याच्या वेळी..." देवीरम्मा म्हणाली.

"त्याआधी काही म्हणाली होती? पोर आपलं वाटत नाही, झोप येत नाही, असं काही?"

खोलीत पंखा फिरत होता. मिथुन सासूकडे पाहू लागला, कारण त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणाली होती."

"कुणाला?"

"मला."

"मग तुम्ही काय केलंत, अम्मा?"

"मिरच्या ओवाळल्या."

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "हे पुष्कळ जणींना होतं. लवकर आणलं तर लवकर आवरतं. आता वेळ लागेल, आणि किती ते मी सांगू शकत नाही. दूध तोडावं लागेल, औषधं भारी आहेत." मग सहनाची पाठ पोळलीय ते कशाने, असं तिने विचारलं. देवीरम्माला रंगम्माच्या हाताला लावलेलं खोबरेल आठवलं.

सहना तिथे राहिली. मिथुनची आई नातीला चन्नरायपट्टणला न्यायला निघाली होती, पण मिथुनने पहिल्यांदाच तिला नाही म्हटलं. तेव्हा देवीरम्मा लेकीच्या बंगळूरच्या घरी येऊन राहिली, उंचावर, जिथे खिडकीतून फक्त दुसऱ्या इमारतींच्या खिडक्या दिसत. पोरीला बाटली लावली. ती चोखायची, डोळे मोठे करून आजीकडे बघायची. बघण्यात काही तक्रार नव्हती.

एका दुपारी पुट्टी झोपल्यावर देवीरम्मा जावयाला म्हणाली, "ती बाई लावून द्या."

"कोण, अत्ते?"

"ती पाळणावाली. सहना ऐकायची ती."

मिथुनने शोधून दिली. ती कुठला भाग मागतेय ते कळायला वेळ लागला, पण शेजाऱ्यांची मुलं म्हटल्यावर सापडला. त्याने तो मोठ्याने लावला आणि स्वतःही खाली बसला. तोच गोड आवाज, आणि देवीरम्माने जिथे उपसून काढला होता तिथून तो पुढे गेला.

"माझ्या घरात एवढी मोठी माणसं, पण मला वाटायचं, बोलले तर मला वेडी म्हणतील. मग एक दिवस बोलले, आणि बोलले म्हणून आज इथे आहे. तेव्हा आता हे ऐकणारी तू, बंद खोलीत बसलेली, कानाला हे लावून बसलेली, तुला माझं एवढंच सांगणं आहे. मी तुझ्या उपयोगाची नाही. मी आवाज आहे. आज घरातल्या एका माणसाला सांग. आई जवळ असेल तर आधी आईला सांग. तिला हा आवाज ऐकव हवं तर, आणि मग सांग."

मिथुनने हात पुढे करून बंद केलं.

पोरगी सांगितल्याप्रमाणे वागली होती. आधी आवाज ऐकवला होता, मग सांगितलं होतं. आणि ज्या दारावर तिला पाठवलं होतं ते दार देवीरम्मा होती.

त्या उंच घरात, दुपारच्या त्या रिकाम्या वेळांत, देवीरम्माला आपली स्वतःची बाळंतपणं आठवू लागली, आणि नुसता लसूण आणि सांब्राणी नव्हे. त्या खेड्यात बाळंतिणीच्या खोलीत दुपारी पाय ठेवायला जागा नसे. कुणी तांदूळ निवडायला घेऊन येई, कुणी वाती वळत बसे, कुणी आपलंच पोर पाजी. कानाला स्कार्फ असायचा, पण त्या इतक्या मोठ्याने बोलायच्या की स्कार्फ काय करणार. चिक्कतायम्मा म्हणून एक होती, दात पडलेली, सात पोरांची आई. देवीरम्मा पहिल्या खेपेला खोलीत सुन्न बसली होती तेव्हा ही तोंडातलं पान गालात सारून म्हणाली होती, "काय गं, नाही आवडला होय तुझा मुलगा? माझा थोरला मला जळक्या वांग्यासारखा दिसायचा. महिनाभर वाटायचं, कोल्हा येईल, उचलून नेईल, सुटेन. मेला कोल्हाही आला नाही. आता बघ, तोच मला भाकरी घालतो." बायका हसून लोळल्या होत्या, नातू बघायला आलेल्या सासूबाईसुद्धा. देवीरम्माही हसली होती, आणि त्या दुपारी गाढ झोपली होती.

केंपक्काच्या खोलीत मात्र कुणी जाऊन बसलं नव्हतं. मुलगा झाल्यावर दृष्ट लागेल म्हणून काकूने बायकांना दारातूनच साखर देऊन परत पाठवलं होतं. हेही आत्ता आठवलं. इतकी वर्षं देवीरम्माला फक्त विहीर आणि गार पाणीच आठवत आलं होतं. हासनच्या घरी तिने सगळं मागच्यासारखं केलं होतं. तांब्याचा हंडा चढवला, लिंबाचा पाला टाकला, उशीखाली अडकित्ता ठेवला. दुपारची बडबड करायची असते हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं, कारण ती कधी कुणी औषध म्हणून दिलीच नव्हती.

सहना घरी आली तेव्हा पुट्टी पालथी पडायला लागली होती. डॉक्टरीण म्हणाली, धोका टळला, बाकी हळूहळू. सहनाचा चेहरा औषधांनी जाडसर झाला होता. केस बांधलेले, कपडे नीटनेटके. कान उघडे होते.

देवीरम्माने तिला पहिल्याच दुपारी जवळ बसवलं आणि चिक्कतायम्माची गोष्ट सांगितली. वांगं सांगितलं, कोल्हा सांगितला, पान गालात सारल्याची नक्कलही केली. सहनाने सगळं ऐकून घेतलं.

"हं," ती म्हणाली. मग आईला वाईट वाटू नये म्हणून असेल, "मजेशीर होत्या त्या."

"मी तुझं ऐकायला हवं होतं, मगळे."

"असू दे, अम्मा."

"तुला अजून तसं वाटतं?"

सहनाने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून, एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवावं तसा. "आता काही वाटत नाही," ती म्हणाली. "गोळ्यांमुळे असेल."

पुट्टी उठली आणि रडू लागली. सहना लगेच उठली. तिने हात धुतले, पाणी कोमट आहे का मनगटावर बघितलं, पावडर मोजून घातली, बाटली हलवली. पोरीला मांडीवर घेऊन डोक्याखाली हात दिला, बाटली तिरपी धरली. सगळं बरोबर. पाजून झाल्यावर उभं धरलं, हनुवटी खांद्यावर, खालून वर थोपटलं. ढेकर निघाला. लंगोट बदलला, पावडर लावली, दुपट्यात गुंडाळलं. पुट्टीने तिची साखळी मुठीत धरली होती. ती मूठ सहनाने एकेक बोट करून हळूच सोडवली आणि मुलीला आजीच्या मांडीवर ठेवलं.

"झालं ना, अम्मा?" तिने विचारलं. "आणखी काही करायचं राहिलंय?"

"नाही," देवीरम्मा म्हणाली. "काही नाही राहिलं."

"मग मी जाऊ?"

"जा. पड जरा."

सहना आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. पुट्टी आजीच्या मांडीवरून त्या दाराकडे बघत होती, मान वळवून, जमेल तेवढी. देवीरम्माने तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. ती पुन्हा तिकडे बघू लागली.